धोंडबा धकाते, काउंटर तीन

"पेशंट शालिकराम धकाते यांचे भाऊ, धोंडबा धकाते, यांनी काउंटर तीनवर यावं," असं भिंतीवरच्या भोंग्यातून एक बाई म्हणाली, आणि शालिकरामच्या हातातलं पाणी त्याच्याच मांडीवर सांडलं. नाव त्यानंच दिलं होतं. वीस मिनिटांपूर्वी, फॉर्मच्या सातव्या रकान्यात, स्वतःच्या अक्षरात. पण कागदावरचं नाव वेगळं आणि हे वेगळं. हे पंख्यांखालून, पन्नासेक माणसांच्या डोक्यांवरून, पाण्याच्या मशीनपासून लिफ्टपर्यंत गेलं, कुणी उठतं का म्हणून क्षणभर थांबलं, आणि कुणी उठलं नाही तेव्हा परत येऊन शालिकरामपाशी बसलं. अकरा वर्षांत हे नाव त्याच्यासमोर कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. त्यानं स्वतः तर नाहीच. एरवी त्याच्या तोंडाला धरबंध नव्हता. करांडल्याच्या जंगलातल्या वाघानं एका दुपारी हातमागाच्या खड्ड्यात, विणकर पाय सोडून बसतो तिथं, उतरून दोन वीत कापड विणलं, ही गोष्ट त्यानं इतवारीतल्या दुकानात साड्या उलगडता उलगडता इतक्यांदा सांगितली होती की बाया दुकानात शिरल्या शिरल्या ‘ती वाघाची साडी दाखवा’ म्हणत. नागपूर ते उमरेड रस्त्यावरचं एकही जिवंत किंवा मेलेलं माणूस त्याच्या गोष्टींतून सुटलं नव्हतं, एक धोंडबा सोडून. आणि आता गंमत अशी की भोंगा वाजल्याबरोबर त्याची मान दाराकडे वळली. खरोखर वळली. अकरा वर्षांपूर्वी जळून राख झालेला माणूस टाचा घासत आत येतो की काय, ते पाहायला.

त्याचा नाइलाज झाला होता. काउंटरवरच्या मुलीनं मान वर न करता विचारलं होतं, "काका, सोबत कोण?" त्यानं विचारलं, "काहून?" तर ती म्हणाली, शिरेतून औषध सोडतात, कुणाला चक्कर येते, कुणाला उलटी होते, सोबतच्या माणसाची सही असल्याशिवाय आत घेत नाहीत. मयुरी, त्याची मुलगी, बंगळुरात; तिला त्यानं पोटाचा फोटो काढायचा आहे एवढंच सांगितलं होतं, आणि तेही अशा सुरात की जणू फोटोग्राफरकडे चाललाय. बायकोला, मैनाबाईला, जाऊन सहा वर्षं झाली. तो राहत होता त्या बेसाच्या सात मजली इमारतीत माणसं होती, पण ती दारं होती. दुधाची पिशवी आत घेताना एक हात दिसायचा, बस. तीनशे दोनमधला हात केसाळ होता, तीनशे चारमधल्या हातात हिरव्या बांगड्या होत्या. फॉर्मवर हातांची नावं लिहिता येत नाहीत. पेन कागदावर टेकलेलं होतं, मागं रांग वाढत होती, आणि मग पेनानंच लिहिलं. नाव : धोंडबा. नातं : भाऊ.

"काकाजी, तुमच्याच भावाले बोलावून राहिले ना?" शेजारच्या खुर्चीवरच्या बाईनं विचारलं. त्या वर्ध्याच्या इंदुताई. नवरा आत मशीनमध्ये होता, मांडीवर तीन कप्प्यांचा डबा होता, आणि गेल्या पंधरा मिनिटांत त्यांनी शालिकरामला नवऱ्याची किडनी आणि जावयाचा स्वभाव या दोन्हींची पूर्ण माहिती दिली होती.

"हाव," शालिकराम म्हणाला.

"मंग कुठं हायेत ते?"

"गाडी लावाले गेला."

"अजून?"

"धंतोली हाये बाई. इथं गाडीले जागा भेटेपर्यंत पेशंट बरा होऊन घरी जाते."

इंदुताई हसल्या. मग म्हणाल्या, "मोठे की लहान?"

"मोठा. नऊ वर्सांनं."

"बाप्पा. या वयात गाडी काहून चालवू देता त्यायले?"

"ऐकते कोण. सून म्हनते ड्रायव्हर ठेवा, तर तिच्यासंग दोन दिवस बोलला नाही."

जन्मात सायकलपलीकडे न गेलेल्या धोंडबाला अशी दोन मिनिटांत पांढरी गाडी मिळाली, जाड चष्मा मिळाला, डावा गुडघा दुखायला लागला, हट्टी म्हातारपण आलं. शालिकरामला बरं वाटत होतं. थाप मारताना त्याला नेहमीच बरं वाटे, पण हे निराळं होतं. धोंडबा गेला तेव्हा सहासष्टचा होता आणि शालिकराम आज अडुसष्टचा. म्हणजे थोरला भाऊ गेली दोन वर्षं धाकटा होऊन बसला होता. तो आता पुन्हा पुढं गेला. इंदुताईंनी विचारलं असतं तर शालिकरामनं त्याला दोन नातूही दिले असते. पण त्या म्हणाल्या, "मंग आता काउंटरवर कोन जाईन?" आणि तो उठला.

मुलीनं कागद सरकवला. "धोंडबा?"

"वर येऊन राहिला. द्या, मी त्याची सही आनतो."

खांबाच्या आड त्यानं कागद भिंतीला लावला. ‘मला सर्व माहिती समजेल अशा भाषेत सांगण्यात आली आहे,’ असं वर छापलं होतं. धोंडबाची सही त्याला स्वतःच्या सहीपेक्षा जास्त पाठ होती. बाप गेला तेव्हा शालिकराम सात वर्षांचा, धोंडबा सोळाचा. बापाच्या मागाच्या खड्ड्यात धोंडबा उतरला आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकावर बापाच्या जागी सही करू लागला. चौथीपर्यंत शिकलेला, सही करताना जीभ बाहेर काढायचा. सहावीत गणितात सात गुण पडले तेव्हा शालिकरामनं ती सही स्वतःच मारली आणि पुस्तक दप्तराच्या तळाशी घातलं. चार दिवसांनी धोंडबाला ते सापडलं. त्यानं ते उजेडाकडे धरलं, कापडातली खोट पाहावी तसं, आणि परत दिलं. "टिंब मोठं देत जाय गा," एवढंच म्हणाला, "मी मोठं देतो." आज शालिकरामनं ‘धों’वरचं टिंब चांगलं ज्वारीच्या दाण्याएवढं दिलं, आणि कागद काउंटरवर नेऊन दिला.

आजार तसा कुठं दिसतच नव्हता. दोन वर्षांपूर्वी मैनाबाईच्या भावानं आग्रह केला म्हणून रक्त तपासलं, तेव्हा रजत डॉक्टरांनी सांगितलं की रक्तात काविळीचा ब नावाचा विषाणू आहे, बहुधा जन्मापासून, आईकडून आलेला. तो इतकी वर्षं गुपचूप बसून लिवर खात होता आणि आता लिवर निबर झालंय. अशा लिवरमध्ये कॅन्सर कधीही धरू शकतो, म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची, दुखत नसलं तरी करायची, दुखायला लागल्यावर उपयोग नाही. शालिकराम म्हणाला होता, "पन मी तर कधी थेंब नाही घेतला." डॉक्टर म्हणाले, "याचा दारूशी काही संबंध नाही, काका. न पिणाऱ्यालाही होतं." आणि लागलीच, लिहिता लिहिता, "भाऊ, बहीण कोणी? त्यांची मुलं? आईकडून आलं असेल तर त्यांचीही तपासणी व्हायला पाहिजे." तेव्हा शालिकरामनं, ज्याला साध्या प्रश्नाला साधं उत्तर देणं कधी जमलं नव्हतं, एका शब्दात उत्तर दिलं होतं. "नाही." भाऊ नाही. त्या दिवशी धंतोलीतून बेसाला जाताना त्याला रिक्षात घाम फुटला, आणि तेव्हापासून चार सोनोग्राफ्या झाल्या, तीन स्वच्छ. चौथीत, गेल्या मंगळवारी, उजवीकडे वर एक डाग दिसला. दिसला म्हणजे दिसल्यासारखा झाला. निबर लिवर खडबडीत असतं, सोनोग्राफीत नीट कळत नाही, एमआरआय करू, म्हणजे डाग कॅन्सरचा आहे की निबर लिवरची नुसतीच गाठ आहे ते कळेल. या आठवड्यात शालिकराम रोज त्या जागेवर हात ठेवून झोपला. तिथं काही नव्हतं. बरगडी होती.

"काका, नाणी, किल्ली, घड्याळ, करदोडा, सगळं काढा," मुग्धा म्हणाली. मशीन चालवणारी ही मुलगी मयुरीपेक्षा लहान दिसत होती आणि तिच्यासारखंच एका दमात बोलत होती. करदोड्याचा चांदीचा मणी निघता निघेना. मैनाबाईनं बांधला होता, मुग्धानं कात्रीनं कापला आणि डबीत ठेवून डबी त्याला दाखवली. हातात शिरेची सुई. मुठीत रबरी चेंडू, घाबरायला झालं तर दाबायचा. कानांवर जाड कानपट्टी. मग फळी आत सरकली, आणि छत नाकापासून चार बोटांवर आलं. शालिकरामला वाटलं होतं त्याला भीती वाटेल. पण ती जागा ओळखीची निघाली. अंगाला अंग लागेल एवढा अरुंद, गार, वरून उजेड येणारा खड्डा. जन्माची पहिली तीस वर्षं अशाच एका खड्ड्याच्या काठावर गेली होती. मग मशीन सुरू झालं. खट-खटाक. खट-खटाक. आणि कानपट्टीतून मुग्धाचा आवाज, "श्वास घ्या. सोडा. थांबा."

पहिल्यांदा त्याला कळलंच नाही. खट म्हटलं की उजवा पाय खाली, खटाक म्हटलं की डावा. खट, धोटा इकडून तिकडे, खटाक, फणी ठोकली. उमरेडच्या घरात चार माग होते, गल्लीत चाळीस, आणि सकाळी आठनंतर गल्लीतून बोलत जायचं असेल तर ओरडावं लागे. कोशाचा रेशमी धागा, मधासारखा, उन्हात धरला तर अंगातून उजेड जाऊ देणारा, आणि काठाला करवतीचे दात, लाल. तो काठ एकट्याला विणता येत नाही. मधलं अंग धोंडबा विणायचा आणि काठाचा धोटा शालिकराम परतवायचा, खांद्याला खांदा लावून, दिवसाला वीतभर. बोलणं नाही. बोलायचं काय, पाय बोलत होते.

मशीन थांबलं. "काका, पाय हलताहेत."

"नाही बाई."

"मला इथं दिसतंय काका. सगळी चित्रं हलली." ती आत आली, पायांवर पट्टा ओढला. "काय चालवत होता, सायकल?"

"माग."

"काय?"

"साडी विनून राहिलो होतो."

ती हसली. "किती झाली?"

"वीतभर."

"आता राहू द्या." मग तिचा आवाज बदलला. "हे बघा काका. आता औषध सोडणार. ते लिवरमध्ये शिरतं तेव्हाचं पहिलं चित्र आमच्या कामाचं. ते एकदाच मिळतं, वीस सेकंद. तेवढ्यात तुम्ही हललात, श्वास घेतलात, तर डाग काय आहे ते कळणार नाही, आणि आज परत औषध देता येत नाही. थांबाल ना?"

ती गेली. दंडातून गार काहीतरी वर सरकलं, खांद्याशी आलं, तोंडात लोखंडाची चव आली. "श्वास घ्या. सोडा." आणि खटखट सुरू झाली, आधीपेक्षा जोरात, आणि पट्ट्याखाली त्याच्या पोटऱ्या थरथरल्या, पायांना कोण सांगणार की आता माग नाही, मागाच्या जागी आता गल्लीत मोबाइलची दुकानं आहेत. मुग्धा म्हणाली, "थांबा." पण थांबवलं ते तिनं नाही. कोशाचा धागा तुटला की धोंडबा म्हणायचा, "थांब गा." मग दोघांनीही जागच्या जागी थिजायचं. पाय अधांतरी, धोटा मुठीत. तुटलेलं टोक केसाहून बारीक, श्वास सोडला तरी उडून ताण्यात हरवणारं. धोंडबा थुंकी लावलेली दोन बोटं आत घालायचा, टोकाला टोक लावून पीळ द्यायचा, आणि तोवर त्यानं श्वास घेतला नसायचा, आणि त्यानं घेतला नाही म्हणून शालिकरामनंही नाही. शेजारच्या खांद्याची हालचाल थांबलेली कळायची. आता त्या बोगद्यात, उजव्या खांद्याला, जिथं नुसतं प्लास्टिक होतं, तिथं एक खांदा थांबला. शालिकराम थांबला. छाती रिकामी, पाय अधांतरी, मशीन ठोकत होतं, ठोकत होतं, आणि एक धागा दुसऱ्या धाग्याला लागत होता.

"श्वास घ्या," मुग्धा म्हणाली. आणि मग, "काका, असं कोणी थांबत नाही हो. एकदम पक्कं चित्र आलं."

आता वीस मिनिटं नुसतं पडून राहायचं होतं, औषध लिवरमध्ये मुरेपर्यंत. मशीन गप्प झालं तेव्हा पडून राहणं जास्त जड झालं. मागाच्या खड्ड्यात, पायानं दाबायच्या पावडीच्या मागं, धोंडबा एक चपटी बाटली ठेवायचा. दारूच्या पव्व्याची असते तशी. बाकीचे माग बंद पडून, शालिकराम इतवारीत साड्या विकायला लागून बरीच वर्षं झाली होती. धोंडबा मात्र एकटाच तो एक माग चालवत राहिला होता, काठाशिवायची साधी कापडं. दिवाळीला गेलेल्या शालिकरामला ती बाटली दिसली. "हे काय हाये दादा?" "तेल हाये गा. धोट्याले लावाले." शालिकराम हसला. सगळं आयुष्य थापा मारण्यात गेलेल्या माणसाला दुसऱ्याचं खरं ओळखू येत नाही, त्याला वाटतं सगळे आपल्याच धंद्यात आहेत. बाटली हाताच्या अंतरावर होती. बूच काढून वास घ्यायचा होता, फार तर चार सेकंद. त्यानं घेतला नाही. घेतला असता तर गोष्ट संपली असती, आणि गोष्ट फार चांगली होती. इतवारीपर्यंत जाता जाता तिला हातपाय फुटले, खड्ड्यात एक बाटली होती त्याच्या सहा झाल्या. दोन वर्षांनी धोंडबाचे डोळे पिवळे झाले, पोटात पाणी भरलं. त्याचा मुलगा, चंदन, म्हणाला, नागपूरला नेतो, तपासण्या करतो. शालिकराम म्हणाला, "तपासण्या कायच्या करतं? आधी दारू सोडव त्याची." काका शहरात राहणारे. काकांचं ऐकलं. धोंडबा खाटेवरून एवढंच म्हणाला, "मी पेत नाही गा शालिक," आणि शालिकरामनं त्याच्या पोटाकडं पाहिलं, जणू ते पोट साक्षीदार होतं. तीन महिने लागले. तेरवीला मंडपात कुणी हळहळलं, फार लवकर गेला, तर शालिकराम म्हणाला, "दारूनं नेला." चंदन पाणी वाढत होता. तो समोर आला, पेला ठेवला, म्हणाला, "काका, पानी प्या अन् निघा." शालिकराम पाणी प्याला नाही. अकरा वर्षांत घशाशी आलेला प्रत्येक घोट त्या पेल्यातला होता असं काही नाही. तो चांगला जेवला, झोपला, हसला. पण गेली दोन वर्षं मात्र, रक्ताचा कागद हातात आल्यापासून, त्याला ठाऊक होतं. आईकडून आलेलं. दोघांनाही. बाटलीत तेल होतं. आणि धोंडबाकडून ते चंदनकडे गेलं का, कुणाला ठाऊक. त्या पोराला कुणी सांगितलंच नव्हतं, कारण सांगायचं तर आधी दुसरं काहीतरी सांगावं लागलं असतं.

रजत डॉक्टरांनी पडद्यावर लिवर दाखवलं. काळ्या-करड्या चकत्या, एकामागं एक, आणि एका चकतीत पांढरा ठिपका. "एकच आहे. चौदा मिलिमीटर. हे पहिलं चित्र. औषध गेल्या गेल्या हा सगळ्यांआधी भसाभसा पितो, म्हणून चमकतो. आणि हे नंतरचं. बाकीचं लिवर भरलेलं, हा रिकामा, काळा. तुमच्यासारख्या लिवरमध्ये असं दिसलं की तुकडा काढून तपासायची गरज नसते. कॅन्सर आहे काका." शालिकराम ठिपक्याकडे पाहत होता. "पन लवकर सापडला," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या तोंडून पण-चा पन झाला, म्हणजे ते मनापासून बोलत होते. "वर्षभरानं आला असता तर मी वेगळं बोललो असतो. आता सुई घालून जागच्या जागी जाळून टाकता येतो. पुढंही दर काही महिन्यांनी पाहत राहावं लागेल, पण आज हा माझ्या हातात आहे."

"म्हंजे आमच्या घरात पेनारा हा एकटाच निघाला," शालिकराम म्हणाला.

डॉक्टर हसले नाहीत. कागद उलटत म्हणाले, "गुरुवारी करू. एक दिवस ठेवून घेऊ. भाऊ आलेत ना सोबत? बोलवा त्यांना, समजावून सांगतो." मग थांबले. "तुम्ही तर म्हणाला होता, भाऊ नाही."

"होता."

"मग ही सही?"

"त्याचीच हाये. मी केली."

डॉक्टरांनी त्या टिंबाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "कधी गेले?"

"अकरा वर्सं झाले."

"कशानं?"

इथं दोन शब्द अकरा वर्षं तयार बसलेले होते, घासून गुळगुळीत झालेले. शालिकरामनं ते ओठांपर्यंत येऊ दिले आणि परत गिळले. "लिवरनं," तो म्हणाला. "आईकडून आलं होतं."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. मग म्हणाले, "त्यांना मुलं?" आणि उत्तराची वाट न पाहता नवा फॉर्म पुढं सरकवला. "गुरुवारी जिवंत माणूस आणा, काका."

बाहेर इंदुताई नव्हत्या. त्यांच्या खुर्चीवर, शालिकरामच्या पिशवीशेजारी, कागदात गुंडाळलेल्या दोन पोळ्या होत्या. एक त्याची, एक गाडी लावायला गेलेल्याची. तो बसला. फोनमध्ये ‘दादा’ असं एक नाव होतं, धोंडबाचं. तीन फोन बदलले, नाव प्रत्येक वेळी आपोआप मागोमाग आलं; पुसायला बोट गेलं नव्हतं आणि लावायलाही. नंबर बंद असेल, असं त्याला वाटलं. असावा, असंही वाटलं. चौथ्या घंटेला चंदननं उचलला; बापाचा नंबर त्यानं चालू ठेवला होता.

"कोन?" मागं एसटीचा हॉर्न वाजत होता, उमरेडच्या स्टँडावर कुठंतरी.

"शालिकराम."

"कोनता शालिकराम?"

"तुहा काका."

हॉर्न पुन्हा वाजला, मग थांबला. "बोला," चंदन म्हणाला.

काय बोलायचं हे ठरवायला रस्ताच नव्हता; खुर्चीपासून फोनपर्यंत काय ती वाट. गुरुवारपासून सुरू करावं, डागापासून करावं, तब्येत कशी आहेपासून करावं. "चंदन," तो म्हणाला, "तुहा बाप पेत नव्हता."

पलीकडे चंदनच्या दुकानात कुणीतरी चार्जर मागत होतं. चंदननं त्याला हातानं थांबवलं असावं. "मले माहीत हाये," तो म्हणाला. "मले माहीत होतं, माह्या आईले माहीत होतं. तुमाले कधी समजलं?"

आज, असं म्हणता आलं असतं. छोटी थाप होती, स्वच्छ धुतलेली, आणि पोरानं ती घेतलीही असती. शालिकरामनं समोरच्या भिंतीवरच्या भोंग्याकडं पाहिलं. "दोन वर्सं झाले," तो म्हणाला. "मले तेच निघालं. रक्तात असते ते, आमच्या मायकडून दोघायलेही आलं. तुले असू शकते. तू उद्याच्या उद्या रक्त तपास. पोरालेही घेऊन जाय. मले आता कॅन्सर सापडला, पन बारीक हाये, लवकर सापडला, जाळून टाकतो म्हनते डॉक्टर. तुह्या बापाचं कोनी शोधलंच नाही. मी दारू म्हनलं ना. मंग कोन कायले शोधते."

तो थांबला. छाती रिकामी झाली होती. पलीकडूनही श्वास ऐकू येत नव्हता. दोघंही जागच्या जागी, आणि मध्ये कुठंतरी ते केसाहून बारीक टोक. भिंतीवर खरखर झाली.

"पेशंट शालिकराम धकाते यांचे भाऊ, धोंडबा धकाते, यांनी रिपोर्ट घ्यायला काउंटर तीनवर यावं."



"काका," चंदन म्हणाला, "हे कोनाचं नाव घेतलं?"

"फॉर्मवर सोबतच्या मानसाचं नाव लागते. मले दुसरं कोनतं आठवलं नाही."

भोंगा पुन्हा म्हणाला, धोंडबा धकाते, काउंटर तीन. कुणी उठलं नाही. पलीकडे दुकानाचं शटर खाली ओढल्याचा लांबलचक आवाज झाला, मग कुलूप अडकवल्याचा.

"जा काउंटरवर," चंदन म्हणाला. "सांगा त्यायले, धोंडबाचा पोरगा येऊन राहिला म्हनून."